जुनी लष्करी रायफल : आधी कागद, मग ओळख, शेवटी फडकं

खंडेनवमी जवळ आली की मला हमखास फोन येतात. “आजोबांची बंदूक माळ्यावरून खाली काढलीय, पूजेआधी चकचकीत करायची आहे, काय लावू?” बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो. कुणी काचकागद फिरवलेला असतो, कुणी खोबरेल तेल चोपडलेलं असतं, तर कुणी दस्त्याला वॉर्निश मारून उन्हात ठेवलेली असते. मग पुढचा प्रश्न येतो, “हिचे किती येतील?”

सगळा घोळ क्रमात होतो. माणसं आधी साफ करतात, मग ती कुठली आहे ते विचारत फिरतात, आणि कागदपत्रांची आठवण सगळ्यात शेवटी होते. क्रम याच्या बरोबर उलटा हवा. खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. एखादी अडली तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका.

१. कागद शोधा

घरातल्या ट्रंका, देवघराचा कप्पा, जमिनीच्या कागदांची पिशवी, सगळं बघा. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतला एखादा कागद हाती लागला तर त्यात ‘एस्पिंगार्दा’ हा शब्द शोधा. त्याचा अर्थ बंदूक. हा कागद सोन्यासारखा जपा, कारण पुढे किंमत ठरवताना त्याचा उपयोग आहे. पण तो आजचा परवाना नव्हे. आजचा परवाना शस्त्र कायदा १९५९ खालचा लागतो : हयात माणसाच्या नावाचा, मुदतीतला, आणि त्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी जुळणारा. नंबर भिंगाखाली जुळवा. नूतनीकरणाच्या वेळी ३ चा ८ झालेला मी दोनदा पाहिला आहे, आणि तो दुरुस्त करून घ्यायला पुढे बरेच हेलपाटे पडतात.

परवानाधारक वारले असतील किंवा मुदत संपली असेल, तर बंदूक घरात ठेवण्याचा तुमचा हक्कही संपला. कायद्याचं कलम २१ सांगतं की ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. जमा केली म्हणजे हातची गेली, ही भीती मनातून काढा. वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मिळाला तर ती परत मिळते, किंवा हक्कदार खरेदीदाराला विकता येते. अर्ज आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेली बंदूकही त्याच दोनांत मोजली जाते.

जमा करताना ती गोणपाटात गुंडाळून स्कूटरवरून नेऊ नका. आधी ठाण्यात कळवा, ते सांगतील तसं करा. पावतीवर नंबर लिहून घ्याच, शिवाय पट्टा, संगीन, तेलाची बाटली असं जे काही सोबत असेल ते एकेक करून लिहून घ्या.

*थांबा :* “ती जुनी आहे, चालत नाही, तिला लायसन्स कशाला?” हे गावोगाव ऐकू येतं. कलम ४५ मधली सूट फक्त अशा हत्याराला आहे जे जुन्या बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त आहे आणि शिवाय दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. गंजून बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता पोलादी दांडा) अडकलेली रायफल तेल घातल्यावर चालू शकते, म्हणून ती या सुटीत बसत नाही. हा निवाडा घरच्या घरी करायचा नाही. अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

२. भरलेली आहे का ते बघा

ही पायरी मी कधीच घाईत उरकत नाही. डिचोलीला आमच्या एका नातलगाच्या पडवीत दाराच्या वर ठासणीची बंदूक टांगलेली होती. घरातली पोरं ती घेऊन शिकारी-शिकारी खेळत मोठी झाली. मी तिच्या नळीत बांबूची सरळ काठी सोडली, ती टेकली तिथे अंगठ्याच्या नखाने खूण केली, आणि काठी बाहेर काढून नळीच्या अंगाशी धरली. काठी केपाच्या, म्हणजे ठिणगी देणाऱ्या टोपीच्या, जागेपर्यंत पोचायला हवी होती. तीन बोटं आधीच थांबली. त्या तीन बोटांत बार होता. पोलिसांच्या माणसाने तो उतरवला तेव्हा काथ्याच्या बोळ्यामागे कोरडी काळी दारू निघाली. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेट घेते. घरातली म्हातारी काकी तेव्हा नुसती खांबाला धरून उभी राहिली.

म्हणून ठासणीच्या प्रत्येक बंदुकीला काठीची ही तपासणी करा. नळीच्या तोंडासमोर स्वतःचा चेहरा किंवा हात आणायचा नाही, काठी बाजूने उभं राहून सोडायची. काठी आधी थांबली तर ओढाओढ नको, पाणी ओतणं नको, बंदूक आहे तिथे ठेवून ठाण्यात फोन करा.

बोल्टच्या रायफलीत चापाला बोट न लावता आणि नळी माणसं नसलेल्या दिशेला धरून बोल्ट मागे घ्या. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, टॉर्च मारून बघा, करंगळीने चाचपा, मॅगझिनही (जादा काडतुसांचा कप्पा) रिकामं आहे याची खात्री करा. बोल्ट हलत नसेल तर हातोडी उचलू नका.

गोव्यात एक खास सावधगिरी लागते. पोर्तुगीज फौजेची क्रोपाचेक रायफल, १८८६ चं मॉडेल, हिचं मॅगझिन बाहेरून दिसतच नाही. नळीखालच्या लाकडात एक लांब पोकळ नळकांडं असतं, त्यात आठ काडतुसं एकामागे एक बसतात. चेंबर रिकामं दिसलं म्हणून ती रिकामी असते असं नाही. अशी रायफल असेल तर परवानाधारक बंदूक कारागिराकडून रिकामी असल्याची खात्री करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सुटी जुनी काडतुसं सापडली तर ती घासायची नाहीत, फोडायची नाहीत, शोभेला ठेवायची नाहीत. काडतुसालाही परवाना लागतो. ठाण्यात द्या.

३. फोटो काढा, काही पुसू नका

धुळीसकट. पूर्ण बंदूक दोन्ही बाजूंनी, मग प्रत्येक ठसा जवळून, तिरप्या उजेडात. सकाळी खिडकीतून आडवा येणारा उजेड सगळ्यात चांगला, कारण त्यात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. लांबी, नळीच्या तोंडाचा व्यास, दिसणारा प्रत्येक नंबर वहीत उतरवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती कुणाकडून, कधी आली ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा.

४. ओळख पटवा

घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी प्रेमाने ऐकाव्यात, पण विश्वास ठशांवर ठेवावा. “ही १८९५ च्या राण्यांच्या बंडातली” (सत्तरीच्या राणे घराण्याचं पोर्तुगिजांविरुद्धचं बंड) असं सांगून मला दाखवलेल्या एका रायफलीवर १९१८ साल कोरलेलं होतं. मॉडेल कधी निघालं हे कळलं की अर्ध्या गोष्टी आपोआप गळतात.

आपल्याकडे दिसणाऱ्या लष्करी बंदुकी साधारण अशा :

ठासणीची एनफील्ड, १८५३ चं मॉडेल. घोड्याच्या बाजूला असलेल्या पोलादी पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ किंवा ‘एनफील्ड’ हा शब्द, बहुधा सालासकट.

मार्टिनी-हेन्री, १८७१ ची. बोल्ट नाही. चापाच्या मागे खाली वाकवायची लांब दांडी असते, ती खाली केली की चेंबर उघडतं. एका वेळी एकच काडतूस.

क्रोपाचेक, वर सांगितलेली. ऑस्ट्रियातल्या स्टायर इथे बनलेली, कारखान्याचं नाव आणि साल कोरलेलं, आणि पोर्तुगालचा राजा लुईश पहिला याची मुकुटाखालची आद्याक्षरं.

माउझर-व्हेर्गेइरो, १९०४ चं मॉडेल, बर्लिनमध्ये बनलेली, साडेसहा मिलिमीटरची. हिच्यावर राजा कार्लुश पहिला याची आद्याक्षरं असतात. पुढे यातल्या बऱ्याच रायफली ७.९२ मिलिमीटरला बदलून घेतल्या गेल्या, त्यामुळे मूळ मापात राहिलेली रायफल जास्त मोलाची.

आणि सगळ्यांत ओळखीची, ली-एनफील्ड, पॉइंट ३०३ (नळीचं माप, इंचात). १९०७ नंतरचं आखूड मॉडेल असेल तर बोल्टच्या मुठीखाली, दस्ता जिथे पोलादात शिरतो त्या पट्ट्याच्या उजव्या बाजूला सगळी जन्मपत्रिका असते : मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल, मॉडेल. कारखाना एनफील्ड, बी. एस. ए., एल. एस. ए. किंवा आपलं बंगालमधलं ईशापूर. राजाच्या अक्षरांत ‘जी. आर. आय.’ असेल तर ती ईशापूरची. ईशापूरच्या रायफलीच्या पुढच्या लाकडातून एक आडवा मजबुतीचा स्क्रूही गेलेला दिसतो. तो नंतर कुणी ठोकलेला असं समजून काढू नका. ‘डी. पी.’ हा ठसा असेल तर ती कवायतीसाठी बाजूला काढलेली रायफल, गोळीबारासाठी अयोग्य ठरवलेली.

या पट्ट्याबद्दल एक सांगायलाच हवं. विशीत असताना मी माझ्या थोरल्या मामांच्या रायफलीवर हाच पट्टा पॉलिश पेपरने घासला, गंज दिसत होता म्हणून. अर्ध्या तासात तो आरशासारखा झाला आणि मुकुटासकट साल कायमचं गेलं. मामा रागावले नाहीत. त्यांनी अंगठा त्या गुळगुळीत जागेवरून दोनदा फिरवला आणि बंदूक आत नेऊन ठेवली. आजही तिचं साल आम्हांला ठाऊक नाही.

*तपासा :* ली-एनफील्डसारखीच दिसणारी पॉइंट ३१५ ची शिकारी रायफल भारतात मोठ्या संख्येने विकली गेली. सांगाडा तोच, काडतूस वेगळं. कायद्यात दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून बोअर (नळीचं माप) नळीवरच्या ठशावरून आणि परवान्यावरून, दोन्हीकडून खात्री करा.

*तपासा :* बनावट. वायव्य सरहद्दीकडच्या (आता पाकिस्तानातल्या) खेड्यांत हाताने बनवलेल्या एनफील्डच्या नकला भरपूर आहेत. उलटं कोरलेलं इंग्रजी एन, चुकलेलं स्पेलिंग, वेगवेगळ्या उंचीची अक्षरं, न जुळणारं राजा आणि साल, हे दिसलं की सावध व्हा. १८९० चं साल आणि वर राजा जॉर्जची अक्षरं हे एकत्र येऊच शकत नाही, तेव्हा गादीवर राणी व्हिक्टोरिया होती.

५. किंमत ठरवा

परदेशातल्या लिलावांचे आकडे बघून डोळे दिपवून घेऊ नका. तिथे खरेदीदार खुला आहे, इथे नाही. आपल्याकडे किंमत आधी कायदा ठरवतो. पॉइंट ३०३ हे लष्करी काडतूस, म्हणून ती रायफल निषिद्ध बोअरमध्ये येते आणि तिला केंद्र सरकारची खास परवानगी लागते. साधा परवाना असलेला शेजारीही ती विकत घेऊ शकत नाही. खरेदीदार मोजके असल्यावर बाजारभाव असा उरतच नाही. उलट पॉइंट ३१५ ची परवानाधारकांत रोज देवघेव होते. पूर्णपणे निकामी असल्याचा लेखी दाखला असलेल्या ठासणीच्या बंदुकीला संग्राहकांमध्ये मागणी आहे. म्हणजे पहिल्या पायरीवरचा कागदच तुमच्या रकमेचा पाया आहे.

त्यानंतर मी पुढच्या गोष्टी या क्रमाने बघतो.

नंबर जुळतात का. ली-एनफील्डमध्ये मुख्य सांगाड्यावर, नळीवर आणि बोल्टच्या मुठीच्या मागे नंबर असतो. नेम धरायच्या मागच्या निशाणीवर आणि नळीच्या पुढच्या टोकाच्या पोलादी टोपीवरही बऱ्याचदा सापडतो. सगळे एकच असतील तर रायफल जशी निघाली तशी आहे. बोल्ट वेगळा असेल तर मोल घसरतं, आणि ती चालवणं धोक्याचंही होतं, कारण बोल्ट आणि चेंबर यांतलं अंतर प्रत्येक रायफलीला जुळवून घेतलेलं असतं. म्हणून दोन रायफली एकत्र उघडून बोल्ट शेजारी शेजारी ठेवू नयेत.

लाकूड पूर्ण आहे का. शिकारीसाठी पुढचं लाकूड कापलेल्या लष्करी रायफली बऱ्याच दिसतात. कापलेलं लाकूड परत येत नाही, आणि संग्राहक तिथेच पाठ फिरवतो.

मूळ झिलई किती शिल्लक आहे. इथे लोकांना पटत नाही, पण झिजलेली खरी झिलई ही नव्याने काळ्या केलेल्या पोलादापेक्षा नेहमी जास्त मोलाची. कडा गोल झाल्या असतील, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या दिसत असतील, तर कुणीतरी बफिंग चाक लावलेलं आहे.

नळीचं आतलं अंग. मागून पांढऱ्या कागदावर टॉर्च मारा आणि पुढून बघा, अर्थात दुसरी पायरी पूर्ण झाली असेल तरच. पीळदार चर धारदार दिसतात की धुकट, खड्डे पडलेत का, ते लिहा.

सोबतचं सामान. ली-एनफील्डच्या दस्त्याच्या पितळी तळाला एक छोटं दार असतं. ते नखाने उघडा. आत तेलाची पितळी बाटली आणि नळी साफ करायची दोरी राहिलेली असू शकते. दस्त्याच्या उजव्या बाजूला रुपयाएवढी पितळी चकती असेल तर तिच्यावर पलटणीची खूण कोरलेली असू शकते.

घराण्याची हकिकत कागदाने सिद्ध होत असेल तर तिचं मोल सगळ्यांच्या वर. जुने पोर्तुगीज कागद वाचून घ्यायला पणजीच्या पुराभिलेख खात्याचा रस्ता धरा.

विकायचं ठरलंच, तर समोरच्याचा परवाना त्या बोअरचा आहे का ते बघा आणि विक्रीच्या किमान ४५ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवा. लिस्बनला किंवा लंडनला असलेल्या पुतण्याने आठवण म्हणून मागितली तर नाही म्हणावं लागेल. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू कुणालाही देशाबाहेर नेता येत नाही.

६. हलक्या हाताने सफाई

आता फडकं हाती घ्या. उद्देश एवढाच : चालू असलेला गंज थांबवायचा आणि घाण काढायची. नवी दिसायला लागली तर काम बिघडलं असं समजा.

सामान : नायट्रिलचे हातमोजे, जुन्या धुतलेल्या सुती धोतराचे तुकडे, मऊ ब्रश, बांबूच्या चपट्या काड्या, बंदुकीचं पातळ खनिज तेल, मिनरल टर्पेंटाइन, मायक्रोक्रिस्टलाइन मेण. मोजे घालाच. आपल्या दमट हवेत हाताला घाम कायम असतो, आणि घामातलं मीठ पोलादावर बोटांचे ठसे गंजाने उमटवतं.

काय वापरायचं नाही ते नीट वाचा, कारण नव्वद टक्के बिघाड इथेच होतात असं माझं मत आहे. काचकागद, तारेचा ब्रश, बफिंग नाही. रॉकेलमध्ये बुडवणं नाही. चिंच, आमसूल, लिंबू नाही. समई घासायला ते ठीक, बंदुकीच्या पितळेवर ते कोरीव खुणा खातं आणि शेजारच्या पोलादात आम्ल झिरपतं. खोबरेल तेल अजिबात नाही. ते खवट होतं, चिकट होतं, धूळ धरतं, आणि बोल्टच्या आत गोंदासारखं बसतं.

आणि स्क्रू उघडायचे नाहीत. ली-एनफील्डचं उदाहरण देतो. दस्ता एका लांब बोल्टने आतून धरलेला असतो आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसतं. पुढचं लाकूड आधी न उतरवता कुणी मागून तो बोल्ट फिरवला, की पुढचं लाकूड मागच्या टोकाला उभं चिरतं. शंभर वर्षं टिकलेलं लाकूड एका पिळात जातं. सुतार, वेल्डर किंवा मोटार गॅरेजकडेही देऊ नका. बंदुकीची दुरुस्ती करायला कायद्याने परवाना लागतो.

*पोलाद.* कोरड्या ब्रशने धूळ काढा. पांढरं फडकं फिरवा. नारिंगी पूड लागली तर गंज चालू आहे. काळपट-तपकिरी, घट्ट थर असेल आणि फडक्याला काही लागत नसेल तर तो बसलेला थर आहे, त्याला हात लावू नका, तोच पोलाद सांभाळतो. चालू गंजावर तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी बांबूच्या काडीने, काडी जवळजवळ आडवी धरून, हलकेच खरवडा. पुसा, परत तेल, परत रात्र. चार-पाच दिवस लागले तर लागू देत. ठशांवर काडीही फिरवू नका, तिथे फक्त तेलाचं फडकं टेकवायचं. शेवटी तेल पूर्ण पुसून मेणाचा पातळ हात द्या.

*नळी.* शक्य तिथे मागून पुढे साफ करा. पुढून गज घातला तर नळीच्या तोंडाच्या कडा झिजतात. प्लास्टिकचं आवरण असलेला एकसंध गज, त्यावर तेलात भिजवलेला सुती तुकडा, तो काळा येईल तोवर बदलत राहा. जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीतून मिठासारखा क्षार नळीत उरायचा. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुने सैनिक नळीत उकळतं पाणी ओतायचे. घरी तसं करू नका, लाकडाखाली पाणी उतरलं तर निघत नाही. पाण्याने किंचित ओलसर तुकडा एकदा, लगेच तीन-चार कोरडे, मग तेलाचा, एवढं पुरतं.

*लाकूड.* आधी न दिसणाऱ्या जागी, टर्पेंटाइनचा एक थेंब फडक्यावर घेऊन बघा. रंग निघाला तर थांबा. नाही निघाला तर त्याच फडक्याने मळ काढा, रेषांच्या दिशेने. घासून गुळगुळीत करणं नाही, वॉर्निश नाही, फ्रेंच पॉलिश नाही. दस्त्यावरचे खळगे, कोरलेली आकडेमोड, कुणीतरी सुरीने काढलेली नावाची अक्षरं, हे सगळं राहू द्या. मूळ लाकडाला जवसाचं तेल असायचं, म्हणून लोक ते भरभरून लावतात. लाकूड अगदी कोरडं, पांढरट झालं असेल तरच बोटाच्या टोकावर घेऊन चोळा आणि तासाभरात पुसून टाका.

*थांबा :* जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवा.

लाकडाला बारीक भोकं दिसली तर बंदूक काळ्या कागदावर ठेवून आठ दिवस बघा. ताजी पिवळसर भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. ती घरातल्या इतर लाकडापासून दूर ठेवा आणि पणजीच्या राज्य संग्रहालयात जतनाचं काम करणाऱ्यांचा सल्ला घ्या.

*पितळ.* कोरडं फडकं. बस्स.

७. पावसाळ्यात ठेवायची कशी

चिऱ्याच्या भिंतीवर खुंटीला टांगणं बंद करा. चिरा पाणी धरतो, आणि भिंतीकडची बाजू जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओली राहते. मी उघडून पाहिलेल्या बहुतेक रायफलींची एकच बाजू खाल्लेली होती, भिंतीकडची. चामड्याच्या म्यानात किंवा प्लास्टिकच्या पिशवीतही नको, दोन्ही ओल कोंडतात, आणि चामड्यातली रसायनं पोलादाला वेगळीच लागतात. धुतलेल्या सुती कापडाच्या खोळीत, कुलूपबंद लाकडी किंवा लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर, आडवी किंवा नळीचं तोंड खाली करून ठेवा. तोंड वर ठेवलं तर तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरतं आणि तिथलं लाकूड मऊ पडतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की गरम करून परत वापरा. काडतुसं असतील तर ती दुसऱ्या कुलपात.

मिरगाच्या आधी एकदा, नारळीपौर्णिमेच्या सुमारास एकदा, आणि दसऱ्याआधी एकदा पांढरं फडकं फिरवा. नारिंगी लागली तरच सहाव्या पायरीवर परत या.

खंडेनवमीला ओली हळद, कुंकू आणि गंध थेट पोलादावर लावू नका. ओलं गंध वाळेपर्यंत त्याखाली गंज धरतो, आणि झेंडूच्या देठातलं पाणी नळीवर रात्रभर राहिलं तर सकाळी तिथे डाग दिसतो. आमच्या घरी आता बंदुकीसमोर विड्याच्या पानावर सुपारी मांडतो, गंध-फूल तिला वाहतो, आणि बंदुकीवर फक्त अक्षता टाकतो. आरती झाली की मोजे घालून अक्षता झाडायच्या, कोरडं फडकं फिरवायचं आणि त्याच संध्याकाळी तिला खोळीत घालून कपाटाला कुलूप लावायचं.